निकाहनामा कुणाच्या हातात असतो?

(अंधेरी येथे हमीद दलवाई यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रिया विधानमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्या नागरिकांना एकच कौटुंबिक कायदा लावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मोर्चा समाजसुधारक हमीद दलवाईंनी काढला होता आणि त्या सातजणींत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी, पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. दलवाई १९७७ मध्ये वारले, तेव्हा त्यांना पंचेचाळिसावेही पूर्ण झाले नव्हते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे मोर्चानंतर एकावन्न वर्षांनी. मेहरुन्निसाभाभींनी त्याच वर्षी जूनमध्ये डोळे मिटले होते. निकाल ऐकायला त्यांना आणखी अडीच महिने मिळायला हवे होते, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

आजचा विषय त्या मोर्चाच्याच वाटेवरचा आहे, पण त्याच्या अधिक अंधाऱ्या टोकाचा. देहव्यापारासाठी होणारी बायकामुलींची खरेदी-विक्री आणि मुस्लिम समाजातले स्त्रीचे स्थान, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे? विषय जाहीर झाल्यावर मला दोन प्रकारचे निरोप आले. काही स्नेह्यांनी काळजीने सांगितले की सध्याच्या वातावरणात हा विषय घेऊ नका, तुमची वाक्ये उचलून लोक भलतीकडे वापरतील. दुसरे काहीजण फार खूष झाले. एकदाचे कुणीतरी 'त्यांच्याबद्दल' बोलणार, असा त्यांचा सूर होता. दोघांनाही मी आज उत्तर देणार आहे. गप्प बसणे हा त्या मुलींशी द्रोह आहे. आणि ज्या समाजातल्या मुली विकल्या जातात त्याच समाजाला आरोपी म्हणून उभे करणे हा त्यांच्याशी दुसऱ्यांदा केलेला द्रोह आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. मुंबईच्या बाजारात आणलेल्या मुलींची यादी केली तर ती कुठल्याही एका धर्माची होत नाही. नेपाळच्या डोंगरातल्या मुली आहेत. बंगालच्या चोवीस परगण्यांतल्या आणि सीमेपलीकडच्या जशोर, सातखिऱ्याच्या आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातून देवीला सोडलेल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिल्या. ही देवदासी प्रथा बंद करण्यासाठी कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला आणि आपल्या महाराष्ट्राने थेट २००५ साली. मध्य भारतातल्या बेडिया समाजात घरातल्या मुलीनेच कमवायचे असा रिवाज आहे, तिथल्या मुली आहेत. दलाल जातपात विचारत नाही. त्याला जिच्यामागे कुणी उभे राहणार नाही अशी मुलगी हवी असते. प्रत्येक समाज आपल्या मुलींना एकटे पाडण्याचा स्वतःचा असा एक मार्ग ठेवून असतो. कुठे तो देवीच्या नावाने असतो, कुठे जातीच्या रिवाजाने. मुस्लिम समाजात तो लग्नातून जातो. माझे आजचे सगळे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी पुराव्याने मांडणार आहे.

१९९१ सालची गोष्ट तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. हैदराबादहून दिल्लीला निघालेल्या विमानात एका हवाई सुंदरीला रडणारी मुलगी दिसली. वय दहा-अकरा. शेजारी साठीचा सौदी नागरिक, तिचा 'नवरा'. त्या हवाई सुंदरीने, अमृता अहलुवालियांनी, मुलीशी बोलून पोलिसांना कळवले म्हणून मुलगी सुटली. आरोपी जामिनावर सुटला आणि देश सोडून निघून गेला. त्याच्या नऊ वर्षे आधी सागर सरहदींनी 'बाजार' हा चित्रपट याच विषयावर काढला होता. म्हणजे सगळ्यांना सगळे ठाऊक होते. तरी २०१७ च्या सप्टेंबरात हैदराबाद पोलिसांनी धाडी घातल्या, तेव्हा आखाती देशांतले वृद्ध 'वर', दलाल, लॉजवाले आणि काझी एकत्रच सापडले. अटक झालेल्यांत मुंबईचाही एक काझी होता.

या व्यवहाराची रीत नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात सगळे उत्तर आहे. दलाल मुलीच्या आईबापांना गाठतो. रिक्षावाला, हमाल, घरकाम करणारी विधवा, अशी ती घरे असतात. पैसे ठरतात, त्यातला मोठा वाटा दलाल आणि काझी घेतात. मुलीचे वय वाढवून लिहिले जाते. निकाह लागतो, आणि निकाहनाम्याबरोबर तलाकनाम्यावरही आधीच सह्या घेऊन ठेवल्या जातात, तारीख कोरी सोडून. पाहुणा काही दिवस किंवा काही आठवडे लॉजवर राहतो आणि परत जातो. मग कोऱ्या जागी तारीख भरली जाते. कागदोपत्री मुलगी 'तलाकशुदा' होते, आणि पुढच्या पाहुण्यासाठी मोकळी. काहींना व्हिसावर तिकडे नेतात. तिथे पोहोचल्यावर कळते की बायको म्हणून नव्हे, मोलकरीण म्हणून नेले आहे, आणि मोलकरणीवर घरच्या पुरुषांचा हक्क समजला जातो.

सुन्नी धर्मशास्त्रात मुदतीचे लग्न निषिद्ध आहे. ज्या लग्नात मोडण्याची तारीख आधीच ठरलेली, त्याला भारतातल्या बहुसंख्य मुसलमानांच्या शास्त्रातही जागा नाही. त्यामुळे 'हे त्यांच्या धर्मातच आहे' असे म्हणणारा चुकतो. पण 'याचा धर्माशी काहीच संबंध नाही' असे म्हणून हात झटकणारा मौलवीसुद्धा चुकतो. हा व्यवहार ज्या चार गोष्टींवर चालतो त्या चारही समाजाच्या रूढ व्यवस्थेतून आल्या आहेत. वयात आली की मुलगी लग्नाला योग्य, हे मानणे. नवऱ्याच्या एका शब्दावर मोडणारे लग्न. काझीच्या दफ्तरात राहणारा, बायकोच्या हाती न लागणारा निकाहनामा. आणि माहेरच्या मिळकतीतला तिचा हिस्सा, जो कुराणाने दिला आणि भावांनी राखून ठेवला. यांतली एक जरी गोष्ट नसती तरी दलालाला धंदा करणे अवघड झाले असते.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या इमारतीत रोज सकाळी बहरामपाडा, कुर्ला, गोवंडी, साकीनाका, जोगेश्वरी इथून बायका येतात. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, मुलांचे जन्मदाखले असतात. निकाहनामा विचारला की सारख्याच पठडीतले उत्तर येते, "वो तो मौलाना के पास है", किंवा "सास ने रख लिया". तलाक कधी झाला? "उन्होंने फोन पे बोल दिया." मेहेर किती? ७८६ रुपये. मेहेर म्हणजे इस्लामी लग्नात वधूच्या सुरक्षिततेची तजवीज. तलाकच्या वेळी पुरुषाचा हात आखडावा म्हणून ठेवलेली रक्कम. पण ७८६ रुपये देऊन मोकळे होता येत असेल तर कुणाचा हात कशाला आखडेल?

भारतीय मुस्लिम महिला आंदोलन ही संघटना २००७ मध्ये सुरू झाली. झकिया सोमन आणि मुंबईच्या नूरजहाँ सफिया नियाज यांनी तिची उभारणी केली. त्यांनी दहा राज्यांतल्या ४७१० मुस्लिम स्त्रियांशी बोलून २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. ५५.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाले होते. ८२ टक्क्यांच्या नावावर काहीही मिळकत नव्हती. आणि ९२.१ टक्के स्त्रियांना तोंडी, एकतर्फी तलाक बंद व्हायला हवा होता. सात बायकांच्या मोर्चाला 'या कोण समाजाच्या वतीने बोलणाऱ्या' असे विचारणाऱ्यांना हा शेवटचा आकडा मी आवर्जून सांगते.

आता उपनगरांकडे येऊ. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनी मुंबईचा नकाशा बदलला. जोगेश्वरीत, वांद्र्याच्या बहरामपाड्यात माणसे मेली, घरे जळली, आणि त्यानंतर हजारो मुस्लिम कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्रा, मीरा रोड, गोवंडी इकडे गेली. या स्थलांतराचा राजकीय हिशोब पुष्कळांनी मांडला. बाईच्या बाजूने तो फार कमी मांडला गेला. पूर्वी शेजारी राहणारी मराठी बाई, नाक्यावरची बालवाडी, ओळखीचा डॉक्टर, हे तिचे आजूबाजूचे आधार होते. नव्या वस्तीत जमात आणि मशीद एवढेच उरले. घाबरलेला समाज पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मुलींची लग्ने लवकर उरकणे. "जिम्मेदारी उतर गई" म्हणून आई सुटकेचा श्वास टाकते, आणि मुलगी पंधराव्या वर्षी अशा माणसाच्या हवाली होते ज्याचे गावही कुणी पाहिलेले नसते. बाहेरचा द्वेष आणि आतली रूढी या दोन्हींचा भार एकाच मुलीवर पडतो. समाजाला भिंतीआड ढकलणाऱ्यांनी नंतर त्या समाजाच्या बायकांसाठी गळा काढू नये.

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर दर दिवशी पूर्वेकडच्या गाड्या येतात. त्या गाड्यांतून 'मुंबईत काम देतो', 'बारमध्ये नुसते नाचायचे', 'निकाह करतो' अशा वचनांवर मुली उतरतात. त्यांतल्या बऱ्याच बांगलादेशी मुस्लिम मुली असतात. सीमा ओलांडताच त्यांचा छळ दुप्पट होतो, कारण पोलीस त्यांना आधी घुसखोर म्हणून पाहतात आणि विकली गेलेली मुलगी म्हणून नंतर. कांदिवलीच्या रेस्क्यू फाउंडेशनसारख्या संस्था अशा मुलींना सोडवतात, सांभाळतात, परत पाठवण्याचे कागद करतात. भारत-बांगलादेश यांच्यात मानवी व्यापार रोखण्याचा सामंजस्य करार जून २०१५ मध्ये झाला. तरी एका मुलीच्या घराचा पत्ता पडताळून येईपर्यंत महिनेच्या महिने जातात आणि ती मुलगी एका खोलीत वाट पाहत बसते.

सोडवणे या शब्दाबद्दल मला मुंबई उपनगरातलेच एक प्रकरण सांगायचे आहे. २०१९ मध्ये मालाडच्या एका गेस्ट हाउसवर पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून धाड घातली. वीस ते तेवीस वयाच्या तिघी स्त्रिया ताब्यात घेतल्या. त्या बेडिया समाजातल्या होत्या. त्यांच्यावर गुन्हा नव्हताच, कायद्याच्या भाषेत त्या पीडित होत्या. तरी माझगावच्या दंडाधिकाऱ्यांनी त्यांना उत्तर प्रदेशातल्या एका सुधारगृहात वर्षभर ठेवण्याचा आदेश दिला. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने तो कायम केला. मुंबई उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२० रोजी हा आदेश रद्द केला. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी म्हटले की सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात वेश्याव्यवसाय करणे हाच गुन्हा नाही. निकाल येईपर्यंत जवळजवळ वर्ष उलटून गेले होते. ज्यांना आपण वाचवतो म्हणतो त्यांना कोंडण्याची ही सवय सरकारला आहे, समाजालाही आहे. नवऱ्याने सोडलेल्या मुलीला 'बाहेर पडू नकोस' सांगणारा बाप आणि तिला सुधारगृहात टाकणारा दंडाधिकारी दोघेही मनाने तिच्या भल्याचाच विचार करत असतात. तिला विचारत मात्र कुणीच नाही.

डान्सबारचेही तेच झाले. ऑगस्ट २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने बंदी घातली. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, सगळीकडचे बार बंद झाले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल उचलून धरला, आणि निकालपत्रात नमूद केले की काम गेल्यामुळे कितीतरी जणींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावे लागले. त्यांत मुस्लिम मुलीही होत्याच. पुनर्वसनाच्या घोषणा झाल्या होत्या. त्या मुलींपर्यंत काही पोहोचले नाही.

बाहेरच्या जगाकडे क्षणभर पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. 'मुस्लिम समाज' म्हणून एकच एक चित्र काढता येत नाही. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली आणि तलाक न्यायालयातच होईल असे ठरवले. पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकमाने निकाहाची नोंदणी सक्तीची केली आणि तलाकची लेखी सूचना स्थानिक मंडळाला देण्याचे बंधन घातले. तो कायदा पुढे बांगलादेशाकडे वारशाने आला. मोरोक्कोने २००४ मध्ये कुटुंबकायदा बदलला. आपल्याकडे याच काळात, १९८५ मध्ये, घटस्फोटित शाहबानोला सर्वोच्च न्यायालयातून पोटगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून ती वाट अरुंद केली. मतांसाठी मौलवींना खूष ठेवणारे पक्ष आणि मुस्लिमांचे काही भले होते म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालणारे पक्ष, या दोघांच्या मध्ये मुस्लिम बाई भरडली गेली. दुसऱ्या टोकाला २०१४ मध्ये इराकमध्ये 'इस्लामिक स्टेट'ने यझिदी स्त्रियांना गुलाम म्हणून बाजारात विकले आणि त्याला धर्माचा आधार सांगितला. त्याच वर्षी सव्वाशेच्या आसपास मुस्लिम विद्वानांनी खुले पत्र लिहून सांगितले की गुलामगिरी परत आणणे इस्लामला मंजूर नाही. त्या बाजारातून सुटलेल्या नादिया मुराद यांना २०१८ चे शांततेचे नोबेल मिळाले. धर्माचे नाव विकणाराही घेतो आणि विरोध करणाराही. म्हणून मला धर्मग्रंथावरच्या वादात फार रस नाही. कायदा काय सांगतो आणि कागद कुणाच्या हातात आहे, हे मी पाहते.

कायदा आज बराच बाईच्या बाजूने आहे, हेही सांगितले पाहिजे. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्याचे बारावे कलम म्हणते की अल्पवयीन मुलीला लग्नासाठी विकले असेल किंवा लग्न लावून तिचा व्यापार केला असेल तर ते लग्न मुळातच शून्य. हैदराबादसारख्या प्रकरणांसाठीच जणू हे कलम लिहिले आहे, आणि तरी वकिलांकडून ते फारच क्वचित पुढे केले जाते. हा कायदा सगळ्या नागरिकांना लागू आहे असे त्यातच लिहिले आहे. व्यक्तिगत कायद्यापुढे त्याचे किती चालते, यावर मात्र न्यायालयांत वाद झडत राहिले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार ठरवला, धर्म कोणताही असो. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २००२ मध्येच, दगडू पठाण खटल्यात, नवऱ्याने नुसते 'तलाक दिला' म्हणणे पुरेसे नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल असे सांगितले होते. २०१९ च्या कायद्याने तिहेरी तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. तलाक निरर्थक ठरवला हे उत्तम झाले. तुरुंगाच्या तरतुदीबद्दल माझे मत वेगळे आहे. नवरा आत गेला तर पोटगी कोण देणार, या भीतीने बायका तक्रारच करत नाहीत. हे मी रोज पाहते.

आणि काम करणाऱ्या स्त्रिया आहेत. आवाज-ए-निस्वाँ ही मुंबईची संघटना १९८० च्या दशकात उभी राहिली. शहनाज शेख यांनी मुस्लिम व्यक्तिगत कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले त्या झगड्यातून. त्याच संघटनेने मुंब्र्यात मुलींसाठी रहनुमा वाचनालय चालवले. ज्या मुलीला घराबाहेर बसायला दुसरी जागाच नव्हती तिच्यासाठी वाचनालय ही केवढी मोठी गोष्ट होती, हे मुंब्र्याच्या मुलींना विचारा. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने स्त्रियांना काझी होण्याचे शिक्षण दिले, आणि जानेवारी २०१९ मध्ये हकीमा खातून यांनी मुंबईत निकाह लावला. स्त्री काझी वधूला आधी विचारते की तू राजी आहेस का, वय दाखव, मेहेर किती आणि कधी मिळणार. वराचे आधीचे लग्न तपासते. हे प्रश्न विचारले गेले तर हैदराबादच्या लॉजवर एकही लग्न लागणार नाही.

दलवाईंनी आणि मेहरुन्निसांनी १९५६ मध्ये निकाह केला आणि पाठोपाठ विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले. आपल्या आयुष्यातला तो कागद त्यांनी सरकारी दफ्तरात नेऊन ठेवला. मला ही कृती त्यांच्या अनेक भाषणांहून मोठी वाटते.

म्हणून तुमच्याकडे माझी मागणी साधी आहे. तुमच्या इमारतीत, चाळीत, शेजारच्या वस्तीत, तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या घरी निकाह असेल, तर मुलीचे वय विचारा. अठराच्या आत असेल तर १०९८ वर फोन करा; नाव सांगावे लागत नाही. लग्न झाले असेल तर तिला सांगा की निकाहनाम्याची प्रत मागणे हा तिचा हक्क आहे, आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या विभाग कार्यालयात मुस्लिम विवाहाचीही नोंदणी होते. अंधेरीकरांसाठी के पूर्व आणि के पश्चिम, घाटकोपरला एन, मुलुंडला टी, बोरिवलीला आर मध्य. तिला एकटीला पाठवू नका, बरोबर जा. नवऱ्याने सोडले, मारले, कुठे घेऊन निघाला असे कळले तर १८१ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये घालून द्या. मुस्लिम बांधवांना मी हेही सांगते की तुमच्या मशिदीच्या समितीकडे आग्रह धरा: प्रत्येक निकाहनाम्याची एक प्रत त्याच दिवशी, त्याच मांडवात, वधूच्या हातात द्यावी, आणि मेहेरची रक्कम अशी लिहावी की ती तिला वर्षभर जगवू शकेल. पुढच्या शुक्रवारी हे मागा.